ओळखीची कॅसेट

"दुकानात आपल्या ओळखीचीच कॅसेट लावायची, आवाज मध्यम ठेवायचा, अन् पूर्ण ऐकल्याबिगर बोलायचं नाही." भजन शिकवणाऱ्या नरहरमामांचं हे सांगणं रजनीताई आजही पाळत.

भजनी मंडळासाठी स्पीकर घ्यायला त्या घाटंजीला हाफिजभाईंच्या दुकानात आल्या होत्या.

"या, ताई. कापसाचा भाव पडल्यापासून दुकानात कोणी फिरकून नाही राह्यलं."

रजनीताईंनी कॅसेट दिली. आठ वर्षांपूर्वीचं भजन, पाच जणींचं. त्यातला एकूणएक खोकला त्यांना पाठ होता.

स्पीकरच्या पहिल्या जोडीवर टाळ चिरके वाजले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या जोडीवर टाळ स्वच्छ आले, आणि टाळांच्या आवाजामागून एक अनोळखी बाई हळूच म्हणाली, "रजनी, हाफिजच्या दुकानातून सरळ नदीवर येशील ना? मी थांबून राह्यली."

"येते. शब्द देते," कॅसेटमधून रजनीताईंचाच आवाज आला.

त्यांनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

"तुम्हाले ऐकू आलं का, हाफिजभाई?"

"तुमचाच तं आवाज हाये." हाफिजभाई हसले. "अन् आज तुमच्या उपासाच्या दिवशी शब्द मोडसान काय?"

रजनीताईंनी आजवर दिलेला शब्द कधीच मोडला नव्हता. त्यांनी पदर सावरला, चपला घातल्या आणि भर उन्हात नदीची वाट धरली.