सुजेचं इंजेक्शन

"मॅडम, मांगच्या खेपेचं ते इंजेक्शन विसरू नका बरं," शिवम दारात उभा राहून बजावत होता. "लय गुणाचं हाय ते. दुसऱ्या दिवशी सकायीच कामाले लागली ना ही!"

खुर्चीत आडव्या पडलेल्या वर्षाराणीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. भूल चढत होती आणि डावा गाल हळूहळू परका होत चालला होता. दातांच्या डॉक्टर मंतशा हसल्या. आपल्या इंजेक्शनची एवढी तारीफ करणारा नवरा साऱ्या वाशीममध्ये त्यांना भेटला नव्हता; हा रिठद गावाहून आला होता. त्यांनी त्याला औषधं आणायला खालच्या दुकानात पिटाळलं आणि दुसरी सुई भरायला घेतली.

इंजेक्शन गुणाचं होतं, यात खोटं काहीच नव्हतं. आज डावी अक्कलदाढ निघणार होती; महिन्याभरापूर्वी उजवी काढली, तेव्हा मॅडमनी सगळं समजावून सांगितलं होतं. दाढ हाडात आडवी अडकलीय, हाड थोडं कोरावं लागेल. मग तोंड सुजतं, जबडा आखडतो. हे स्टेरॉइडचं इंजेक्शन आधीच दिलं की सूज येत नाही. आणि खरंच आली नाही. निघताना मॅडमनी तीन दिवस आराम सांगितला होता. वर्षाराणीला तो शब्द इतका आवडला, की मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या तिने तो मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. लग्न होऊन आल्यापासून दिवसाउजेडी ती आडवी झाली होती ती फक्त दोन बाळंतपणांत.

घरी सासूने, रुख्मिणीबाईंनी, हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "काईच त नाई झालं," त्या म्हणाल्या. मनाने वाईट नव्हत्या हो त्या. पण डोळ्याला दिसेल तेच दुखणं, असा त्या घराचा कायदा होता. सासऱ्यांना, दौलतरावांना, गांधीलमाशी चावून डोळा सुजून मिटला होता, तेव्हा आठवडाभर घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. गावात कोणाचं ऑपरेशन झालं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर बोल लागतो. कोणी केळी आणली, कोणी बिस्किटांचे पुडे. "सुनीची अक्कल काढून घेतली म्हणे डाक्टरनं," म्हणत सगळी हसली. मग तिचा गाल निरखून झाला आणि चेहरे जरा पडलेच. एवढं काम टाकून आलो आणि पाहायला काहीच नाही! शेजारच्या प्रयागबाई तर तोंडावरच बोलल्या, "आमच्या जावयाचं तोंड त असं टम्म फुगलं होतं. हे कायचं ऑपरेशन?"

आल्या माणसाला चहा तर पाहिजेच. तो कोणी करायचा? पेशंट चांगला हिंडता-फिरता होता. तेव्हा वर्षाराणीला भेटायला आलेल्यांसाठी वर्षाराणीनेच दिवसभर चहा उकळला. टाके ओढत होते, आतून ठणका लागला होता. धग गालावर आली की रडू यायचं. पण रडायचं तरी तोंडावर काही पुरावा नको का? दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भाकरी आल्या, तिसऱ्या दिवशी सोयाबीन सोंगायला आलेल्या बायांचा चहा आणि घरच्यांचे डबे. शिवम गावभर इंजेक्शनचं कौतुक करत फिरला.

ती कोणाशी भांडली नाही. भांडणार कशाच्या जोरावर? दुखतंय म्हणावं, तर आरसासुद्धा त्यांच्याच बाजूने बोलत होता. ती थकली, एवढंच. पार थकली.

आता मॅडम सुई घेऊन वाकल्या. वर्षाराणीने त्यांचं मनगट धरलं.

"घाबरू नका, ताई. गाल बधिर झालाय, कळणारसुद्धा नाही."

"भेव नाई लागत मले."

"मग? मागच्या वेळी काही त्रास झाला होता का याचा?"

"नाई." तिने दाराकडे पाहिलं. शिवम अजून आला नव्हता. जड झालेल्या ओठांनी, एकेक शब्द सांभाळत ती म्हणाली, "दुखण्याच्या गोळ्या द्या, मॅडम. सूज तेवढी येऊ द्या."

मंतशांचा हात तसाच थांबला. सूज नको म्हणणारी माणसं त्या रोज पाहत होत्या. सूज मागणारं हे पहिलंच. त्या समजवायला लागल्या, "अहो, तोंड उघडणार नाही नीट. भाकर चावता येणार नाही. पातळ खाऊन पडून राहावं लागेल. चेहरा तर ओळखू यायचा नाही..." बोलता बोलता त्यांचं लक्ष खुर्चीतल्या बाईकडे गेलं. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती, कोणी सणाचा बेत ऐकवावा तशी.

मंतशांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"बरं, नाही देत," त्या म्हणाल्या. "पण चार दिवसांत उतरेल हो ती. आपोआप."

"चारच?" वर्षाराणीने बोटांवर दिवस मोजून पाहिले. मग मान वळवून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं, "सूज टिकवाचं इंजेक्शन नाई का, मॅडम, तुमच्यापाशी?"