प्रेमसिंगची पाठ

दोन्ही बंदुकांच्या गोळ्या मातीच्या पोत्यांवर झाडून पाहायच्या आधीच नरहरराव फौजदारांनी बिजलीबाईचा जबाब लिहून घेतला. मागाहून नको म्हणाले. एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस पाहिलेलंच बोलतो.

परवा फुलसावंगीच्या रानात हाका झाला होता. पुसदचे अनंतराव वकील मोठी रायफल घेऊन मचाणावर. त्यांचीच लहान रायफल, रानकोंबड्यांसाठीची, पलीकडच्या झाडाखाली लालसिंगच्या हाती. डुक्कर उठलं, दोन्ही बंदुका एकदमच वाजल्या, आणि हाका घालत येणारा प्रेमसिंग छातीवर हात ठेवून पळसाखाली बसला. बसला तो बसलाच. गोळी कोणाची, दोघांनाही सांगता येईना.

प्रेमसिंग बिजलीबाईचा एकुलता लेक. लालसिंग तिच्या गंगीचा नवरा. वकिलांजवळ परवाना होता, लालसिंगजवळ नव्हता. गोळी त्याची निघाली तर तो तुरुंगात जाणार हे सगळा तांडा धरून चालला होता. गंगीला सातवा महिना लागला होता.

दाखवायला देहही उरला नव्हता. वैशाखाचं ऊन, ठाण्यात वर्दी पोचायच्या आत तांड्यानं प्रेमसिंगला जाळलं. फौजदाराची वाट पाहायची असते हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटची आंघोळ आईनं एकटीनं घातली, दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. रक्ताला ती भ्याली नाही. नवरा पूनमसिंग होता तोवर शिकारीची जनावरं तीच सोलायची.

"समोरून बोराएवढं भोक," तिनं जबाबात सांगितलं.

"आन् पाठीवर?"

ती जरा थांबली. "पाठ धुताना माहा हात आत गेलता, सायेब."

ती जावयालाच राखणार, असं अनंतरावांनी बाजूला घेऊन सुचवून पाहिलं. फौजदार म्हणाले, कोणत्या बंदुकीचं भोक कसं पडतं हे या म्हातारीला काय ठाऊक? म्हणून तर आधी लिहून घेतलं.

ओढ्याकाठची काळी माती भिजवून दोन पोत्यांत ठासली होती, माणसाच्या छातीएवढी जाड. आधी लहान रायफल. वाळली काडी मोडावी तेवढाच आवाज. पोत्याला समोर बोराएवढं भोक, मागून पोतं जसंच्या तसं. शिपायानं माती उकरली. गोळी मधोमध रुतून बसली होती.

मग मोठी. आवाजानं ओढा घुमला, बगळे उठले. समोरून तसंच भोक, लहान बोर नाही तर मोठं. मागून मात्र पोतं फाटलं होतं, माती पळसाच्या पानांवर उडाली होती. फौजदारांनी त्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला. चिखलानं भरलेला तो हात ते कितीतरी वेळ तसाच धरून उभे राहिले.

अनंतराव दगडावर बसले. "माझीच होती तर," एवढंच म्हणाले, आणि कागदावर सही करताना त्यांनी टोपी काढून ठेवली.

लालसिंग ढसाढसा रडला. दोन दिवस त्याला वाटत होतं, आपणच मारलं. बिजलीबाईनं त्याला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच राख सावडायला माणसं गेली. बिजलीबाई पुढं झाली. इतर मागंच थांबले, आईचा हक्क म्हणून. पायांपासून वर येत तिनं एकेक अस्थी उचलून मडक्यात ठेवली, झोपल्या लेकराला उचलावं तशी. छातीखालची राख मात्र तिनं बोटांनी दोनदा चाळली. मग तिची बोटं थांबली. वाटाण्याएवढा शिशाचा गोळा होता, अजून ऊबदार.

"काय सापडलं, याडी?" आईला हाक मारावी तसं लालसिंगनं विचारलं.

तिनं मूठ मिटली.

"काही नाही," ती म्हणाली. "गंगीले सांभाळ."