तपासलेली पत्रं

"तुझी जुनी पत्रं आहेत का गं, बाय?" वसईला आल्या आल्या फादर इनासनी थोरल्या बहिणीला विचारलं.

दूरच्या एका कॅथलिक विद्यापीठात ग्रंथपाल आणि जुन्या दफ्तराचे राखणदार म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त होताना त्यांनी स्वतःचा पत्रव्यवहार लावायला घेतला, तर बायची सुरुवातीची पत्रं त्यात नव्हती. मग आठवलं. चौथी शिकलेल्या बायच्या पत्रांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते ती पत्रं तिलाच परत पाठवत. पुढे तिची पत्रं सुबक, बिनचूक येऊ लागली, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता!

"ती चुलीत घातली," बाय म्हणाली. "लाज वाटायची. नंतरची शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतली."

"त्यांत दर वेळी 'सर्व क्षेम' एवढंच असायचं."

"मग काय सांगणार? तुझे दाजी दोन वर्षं घर टाकून गेले होते. परत आले ते आजारी होऊनच. परक्या बाईला ते कसं लिहायला लावायचं?"

फादर खाली बसले. त्या दोन वर्षांतलं एकूण एक पत्र त्यांच्याकडे तारीखवार लावलेलं होतं.

"कळलं असतं तर मी धावत आलो असतो, बाय."

"मला वाटायचं, अक्षर माझं नाही एवढं तरी तुझ्या लक्षात येईल."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर फादरांना सोसायला सोपं गेलं असतं.