कॉलनीतली एक फेरी

वडिलांची गंजलेली सायकल श्रीरंगरावांनी स्वतः खोलून नीट केली. हल्ली त्यांना घरची माणसंही ओळखू येत नसत, पण चेन बसवताना हात एकदाही अडखळले नाहीत. "कॉलनीत एक फेरी मारून येतो," ते म्हणाले. त्यांच्या बायकोला, कुमुदताईंना, नाही म्हणवलं नाही.

बराच वेळ झाला तरी ते परतले नाहीत, तशा कुमुदताई अनवाणीच धावत सुटल्या. पाण्याच्या टाकीपाशी ते हँडल घट्ट धरून, घाबरून इकडेतिकडे बघत उभे होते.

"अहो!" कुमुदताईंनी हाक मारली.

"बाई, अशा अनवाणी कुठे निघालात?" श्रीरंगराव म्हणाले. "बसा मागे, घरी सोडतो तुम्हाला."

कुमुदताई डोळे पुसत कॅरिअरवर बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "वळायचं कुठे ते मी सांगते."