बुधवारची टोपली

नव्या राष्ट्राध्यक्षांनी जुन्याला तिजोरी लुटल्याबद्दल माफ केलं, तेव्हा आमची अख्खी गल्ली संतापली. एकटी मुंजिया खाला तेवढी खूश झाली. शाळेच्या भिंतीवर जुन्याच्या नावापुढे ‘चोर’ लिहिलं म्हणून तिचा मुलगा लसाद मास्तर चार वर्षं तुरुंगात होता.

“अगं, खुद्द चोराला सोडलं, मग चोर म्हणणाऱ्याला कशाला ठेवतील?” ती मला म्हणाली.

तुरुंगातलं अन्न लसादच्या घशाखाली उतरायचं नाही. म्हणून दर बुधवारी ती कुसकुस रांधून टोपली तुरुंगाच्या दारावर पोचवायची. या बुधवारी मीही सोबत गेले. टोपलीत इस्त्रीचा सदरा होता आणि पॉलिश केलेले बूट.

पहारेकऱ्यानं टोपली उघडून पाहिली आणि मान खाली घातली.

“खाला, चोरी माफ झाली. चोर म्हणणं अजून गुन्हाच आहे.”

तिनं त्या बुटांवर सदरा झाकला.



“मग आज माझं पोर उपाशीच राहणार की रे,” ती म्हणाली. “मी काही रांधलंच नाही.”