पाळीची खांड

"बाबा, उठू का?"

चिखलात अर्धं तोंड बुडालेल्या पोराचा तो आवाज पंधरा वर्षं झाली तरी उमरावच्या कानातून गेला नव्हता.

आज बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, त्याच मातीच्या पाळीवर दगड उभा होता. दगडावर लाल कापड, कापडाखाली त्याच पोराचं, हिमांशूचं नाव, आणि नावाखाली एक ओळ : हातबॉम्बवर छाती टेकून चार साथीदारांचे प्राण वाचवले. अकरा वाजता कापड निघायचं होतं. सरपंच चंद्रकांताबाई खुर्च्या सावलीत लावून घेत होत्या. पाणी निवांत पडलं होतं. पलीकडच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या.

धर्मेंद्र फुलचूरहून आला होता. सीमेवरच्या त्या चौकीत हिमांशूसोबत होता तो, वाचलेल्या चौघांतला एक. वर्षभरात तो चौथ्यांदा येत होता, आणि दर वेळी उमराव त्याला एकच विचारायचा. आजही विचारलं.

"माझ्या पोराले वेळ नाही लागला ना?"

"नाही, बाबा. पापणी लवायच्या आत गेला."

उमरावनं मान हलवली. तेवढ्या उत्तरावर त्याचे पुढचे दोन-तीन महिने निघत.

हिमांशूची आई सुशीलाबाई ताटात चहा घेऊन पाळ चढून आली. धर्मेंद्रला म्हणाली, "काऊन रे, सकाळपासून काही खाऊन नाही राहिला? लगन झालं तं आता बायकोच्याच हातचं गोड लागते का?"

"भूक नाही, माय."

"हिमांशूही असाच म्हणे. आन दोन ताटं जेवे." ती हसली. मग हसू ओठांवरच विरलं. "पेटी उघडली तवा झोपल्यावाणी दिसे. मी छातीवर हात ठेवून बसली. लहानपणी थोपटत होती ना, तशीच छाती. तशीच."

धर्मेंद्र पाण्याकडे बघत राहिला. ती रिकामं ताट घेऊन उतरली, तेव्हा उमराव त्याच्याजवळ सरकला.

"तुले एक सांगतो. कोणाले सांगतलो नाही आजवर. पंधरा वर्षं झाली, पाण्यानं हीच पाळ फुटली. आपण उभे आहोत ना, इथंच खांड पडली, माणूस मावेल एवढी. टाकली माती का वाहून जाये. आमच्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरची रीत आहे, अशा वक्ती एकानं खांडीत आडवं व्हायचं आन बाकीच्यांनी त्याच्या आडोशानं माती भरायची. फावडं माझ्या हातात होतं. पोराले म्हटलो, आडवा हो."

"आन झाला तो?"

"झाला. पण रीत तेवढीच नाही. आडवा झालेला आपल्या मनानं उठत नाही. तो हलला का सारी पाळ जाते, खालची बांधी जाते. माती भरणारा 'ऊठ' म्हणल तेव्हाच उठायचं. दोन घंटे पडून होता. घडीघडी इचारे, बाबा, उठू का? मी म्हणे, थांब. उठवलो तवा ओठ निळे पडले होते."

उमरावनं दगडावरच्या कापडाची चुणी हातानं सारखी केली.

"तिकडं तो आडवा झाला, ते मीच शिकवलो होतो. म्हणून तुले घडीघडी इचारतो. निदान या वेळी त्याले वाट पाहा नाही लागली."

धर्मेंद्रनं हातातला चहा गवतावर ठेवला.

खालून चंद्रकांताबाईंनी हाक दिली, "उमरावभाऊ, या आता, पाहुणे आले." दोघांतलं कोणी हललं नाही.

"बाबा," धर्मेंद्र म्हणाला, "तो बॉम्ब फुटलाच नाही."

उमरावचा हात कापडावर होता, तिथंच राहिला.

"आम्ही चौघं चौकीच्या बाहेर पळालो. बाकीचे तिघं उतारावरून खाली गेले. मी दाराजवळच्या खडकाआड होतो. तो आतून इचारत होता, धर्मेंद्र, उठू का? मले वाटे, हा मले कायले इचारते? उठत काऊन नाही? ऊठ म्हणावं, आन उठतानाच फुटला तं? त्या भेवानं चूप बसलो. वीस मिनिटांनी तोफेचा गोळा चौकीच्या छतावर पडला."

त्यानं पहिल्यांदाच उमरावकडे सरळ पाहिलं.

"तवापर्यंत तो इचारतच होता, बाबा. मी 'ऊठ' म्हटलोच नाही."