देवरावांचा कान

"हा पन फेल," देवराव म्हणाले आणि त्यांनी स्पीकरची तिसरी जोडी काउंटरवर बाजूला सारली.

तेजरामने ती निमूट खोक्यात भरली. सेक्टर दहाच्या मार्केटात त्याचं दुकान होतं आणि रविवारची अख्खी सकाळ त्याने या एकाच गिऱ्हाइकाला वाहिली होती. इलाज नव्हता. आवाजाच्या बाबतीत देवराव म्हणजे सेक्टरचं सुप्रीम कोर्ट. गणपतीचा लाउडस्पीकर असो की कुणाच्या लग्नातला बँड, देवरावांनी मान डोलावल्याशिवाय तो चांगला वाजला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. सव्वीस वर्षं ते पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत आले होते. लोखंडाच्या एवढ्या दणदणाटात माणसाचा कान तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांचे कान तिथे बिघडतात कसे, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

घरी कॉम्प्युटर आला होता. मुलगी रमा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. क्वार्टरच्या मधल्या खोलीत तो मांडल्यावर तिथे एकाच माणसापुरती जागा उरली होती. दुसऱ्याला आत यायचं तर पहिल्याने उठायचं. अशा खोलीसाठी स्पीकर निवडणं हे, देवरावांच्या मते, पोरीबाळींचं काम नव्हतं. त्यांना स्वतःला गाणी ऐकायची होती, त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, सीडीवर सिनेमे पाहायचे होते आणि रमाला मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. तिघांनाही पुरेल असा आवाज पाहिजे आणि शेजारच्या कवडूची भिंत तर पडायला नको. महिनाभर देवराव यावर बोलत होते. दुसरं कुणी बोलत नव्हतं, कारण ते कुणाचं ऐकत नव्हते.

चौथ्या जोडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'चारशे वॉट' छापलं होतं. स्पीकर साबणाच्या वड्यांएवढे. देवरावांनी आकडा वाचला आणि पुष्कळ दिवसांनी कुणीतरी खरं बोलल्यासारखा चेहरा केला.

तेजरामने तपासायची सीडी लावली. आधी ढोल वाजला. "हं," देवराव म्हणाले. मग एक माणूस भारदस्त आवाजात बोलला. "हं, हं." मग एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि चढत चढत गेली. सोबत आलेल्या रमाने दोन्ही कानांवर हात ठेवले. पायरीवर झोपलेलं कुत्रं उठलं आणि समोरच्या दुकानाकडे निघून गेलं.

"बंद कावून केलं?" देवरावांनी विचारलं.

"बंद कहाँ, अंकल? चालू है."

"पाह्य रमा, हाही फेल. बारीक आवाजच नाही याच्यात. सगळा कचरा भरून ठेवला यानं दुकानात."

चारही जोड्यांचं असंच झालं होतं. ढोल पास, माणूस पास, शिट्टी नापास. रमाला हसू आलं. महिनाभराच्या व्याख्यानांचा सूड उगवायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. तिने तेजरामला डोळ्यांनी खुणावून स्पीकरची वायर काढायला लावली, पुन्हा कानांवर हात ठेवले आणि तोंड वाकडं केलं.

देवरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि जाणकारासारखी मान डोलावली.

"हां, आता आला. काय साफ आवाज हाय!"

दुकानात फक्त छताचा पंखा वाजत होता.

रमाचं हसू तोंडातच राहिलं. देवरावांनी डोळे उघडले तेव्हा तेजराम वायरचं टोक हातात धरून खाली पाहत उभा होता.

रमाने पहिल्यांदा नापास झालेली जोडी उचलली, पैसे दिले आणि बापाला घेऊन बाहेर आली. देवराव स्कूटरजवळ उभे राहिले, पण त्यांनी किक मारली नाही. रमा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"कवापासून, बाबा?"

"दोन वर्सं झाले असतीन. समोर पाहून बोललेलं समजते मले. बारीक आवाज तेवढा येत नाही."

रमाला मिलमधलं फारसं कळत नव्हतं. क्रेन वर असते आणि माणसं खाली असतात, एवढं कळत होतं.

"खालचा माणूस तुमाले थांबवते कसा?"

"हात दाखवते."

"आन हात दिसला नाही तं?"

देवरावांनी हातातली किल्ली उगीच फिरवली.

"तं शिट्टी मारते," ते म्हणाले.

"खाली कोन असते?"

"आपला कवडू."

"कवडूकाकाले ठाऊक हाय?"

"कोनाले सांगू, माय? सांगितलं की क्रेनवरून उतरवतीन मले. सव्वीस वर्सं वर बसलो मी."

रमा भांडली नाही. ती स्कूटरवर मागे बसली.

दुपारी तिने स्पीकर लावले. सुशीलाबाईंचा सिनेमा सुरू झाला. "आवाज बरा हाय ना हो?" त्यांनी विचारलं. देवरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच आवाजाबद्दल मत दिलं नाही. ते दारात उभे राहून भिंतीपलीकडच्या अंगणाकडे पाहत राहिले. तिथे कवडू आपली सायकल धूत होता.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट होती. देवराव वेळेआधीच मिलमध्ये पोहोचले. खाली कवडू हातमोजे चढवत होता. त्याने नेहमीसारखा हात वर केला. देवरावांनीही केला. मग क्रेनच्या शिडीपाशी ते थोडे थांबले, आणि शिडी सोडून फोरमनच्या केबिनकडे वळले.

बाबाराव फोरमन रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते. मान वर न करताच त्यांनी काहीतरी विचारलं. दोन वर्षांच्या सवयीने देवराव मान डोलावणार होते. त्यांनी ती डोलावली नाही.

"साहेब, तोंड वर करून बोला," ते म्हणाले. "मले आयकू येत नाही."